दहा नको, नऊ

भोसरी, जे ब्लॉक. शनिवार, रात्रीचे पावणेदहा.
पंपांची आवरणं ओतणारा कारखाना
सोमवारपर्यंत बंद, म्हणजे माझा चालू.
सर्व्हर रूम म्हणजे कँटीनमागची कोठी:
अर्ध्या भिंतीला रॅक, अर्धीला पोह्यांची पोती,
एसीखाली स्टीलचं पातेलं,
थांबून थांबून टप्.

रसने बाईंना रिपोर्ट हवेत.
कुठल्या साच्यात किती लोखंड वाया जातं,
कुठली शिफ्ट पोसते, कुठली खाते,
मोबाईलवर, रंगीत, सकाळच्या चहाआधी.
वडील भट्टीच्या आवाजावरून सांगायचे, म्हणाल्या,
मला तो कान नाही.

इन्स्टॉलर चौथ्या पानावर थांबतो.
वेब सर्व्हर निवडा.
खाली रिकामा चौकोन, त्यात कर्सर
डोळा लवावा तसा.

ओजस म्हणतो, टॉमकॅट दहा टाकू, लेटेस्ट आहे.
चोवीस वर्षांचा आहे तो. लेटेस्ट म्हटलं की
त्याला अजून भूक लागते.
मी सुसंगतीचा तक्ता उघडते, एकशे बारा पानी,
पासबुक वाचावं तसं ओळीवर बोट ठेवून:
नऊ चालेल. दहा चालणार नाही.
का,
तर दहामध्ये आतल्या पॅकेजांचं नाव बदललं.
काम तेच, हात तेच, फक्त नाव दुसरं.
रिपोर्टवालं सॉफ्टवेअर दारात उभं राहून
जुन्या नावाने हाका मारत राहतं.
आत सगळे असतात.
कोणी ओ देत नाही.

माझी आई इंदापूरला होती तोवर द्वारका.
मग ताटातल्या तांदळांत अंगठीने कुणीतरी
रेवती लिहिलं, आणि झालं.
एकेचाळीस वर्षं रेशनकार्डावर रेवती,
वीजबिलावर रेवती, बाबांच्या ओरडण्यात रेवती.
शेवटी ससूनला, मलाही ओळखत नव्हती तेव्हा,
वयाच्या पुराव्यासाठी जोडलेला शाळेचा दाखला पाहून
सिस्टर म्हणाली, द्वारका?
आणि ती म्हणाली, ओ.
इतकी पटकन, जणू उंबऱ्यावरच उभी होती.

नऊ घे, मी ओजसला म्हणते.
आणि जावाही तक्त्यातलीच.

मग पोर्ट. आठ हजार ऐंशीवर आधीच कोणीतरी बसलंय.
मशीनच्या कपाळावर पिवळी पडलेली पट्टी:
‘हात लावू नये. कारण माहीत असलेला इसम
निवृत्त होत आहे.’
त्या इसमाला, पेंढारकरांना, साडेदहाला फोन.
झोपेतून म्हणतात, गेटचं पंचिंग आहे त्याच्यावर.
उठवलंत त्याला, तर सोमवारी
एकशे चाळीस माणसं गैरहजर.
बरं, म्हटलं, आम्ही शेजारी बसतो.
आठ हजार एक्याऐंशी.
ते हसले बहुतेक. किंवा खोकले.

पावणेदोनला पहिला रिपोर्ट उघडला:
हिरवा, हिरवा, पिवळा,
आणि दुसऱ्या शिफ्टचा खांब तांबडा.
इरफान अत्तार चहा ठेवतो, स्क्रीनकडे बघतो.
कँटीनमध्ये त्याची दुसरीच शिफ्ट.
मॅडम, लाल म्हणजे?
लाल म्हणजे आकडा बरोबर आलाय, मी सांगते,
आणि माझंच उत्तर
मला चहाबरोबर गिळता येत नाही.
तो विचारतो, पण जुळलं ना सगळं?
आत्तापुरतं, म्हणते. नऊलाही एक दिवस
वाऱ्यावर सोडतील.

निघताना पेंढारकरांच्या पट्टीखाली
नवी पट्टी चिकटवली, मार्करने लिहिलं:
‘टॉमकॅट नऊ. दहा करू नये. कारण’
इथवर पट्टी संपली.

ओजस गाडी काढायला गेला.
इरफानने पातेलं उचललं, बाहेर ओतलं,
परत ठेवलं.
रिकाम्या पातेल्यात तोच थेंब
मोठ्याने वाजायला लागला.